‘भाव पाठवा’ म्हणण्याआधी वजन लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढ सरत आला की मेणबत्ती बनवणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. दुकानदार, भेटवस्तूंचे संच भरणारे, हॉटेलांना माल पुरवणारे, ऑनलाइन विकणारे असे सगळे दिवाळीच्या खरेदीला लागतात. विचारणा मात्र बहुतेकांची एका ओळीची असते : ‘घाऊक भाव पाठवा, लास्ट रेट सांगा.’ समोरून तितकेच मोघम उत्तर येते : ‘तीन बाय चार पिलर, अमुक रुपये.’ (पिलर म्हणजे जाड, उभी मेणबत्ती.) एवढ्यावर लाखाचा सौदा ठरतो आणि माल हाती आला की तंटा सुरू होतो. आम्ही घाऊक खरेदी करणारे आहोत. हे पत्र मुख्यतः आमच्याच बाजूच्या लोकांसाठी आहे, कारण चुकीची सुरुवात बहुधा आमच्याकडूनच होते.

मेणबत्ती हा वजनाचा माल आहे. आकार, रंग, वास हे सगळे त्यानंतर. साध्या मेणबत्तीच्या पडतळीत, म्हणजे ती बनवण्याच्या खर्चात, सर्वांत मोठा वाटा मेणाचा असतो, त्यामुळे भाव कमी करायचा झाला की पहिली कात्री मेणालाच लागते. पॅराफिनची, म्हणजे नेहमीच्या मेणाची, घनता घन सेंटिमीटरला साधारण ०.९ ग्रॅम धरतात. ३ इंच व्यास आणि ४ इंच उंचीच्या भरीव पिलरचे आकारमान सुमारे ४६३ घन सेंटिमीटर होते, म्हणजे त्याचे वजन ४१५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. बाजारात ‘तीन बाय चार’ म्हणून मिळणाऱ्या नगाला मोजपट्टी लावून पाहा. पुष्कळदा तो पावणेतीन बाय पावणेचार निघतो. दोन्हीकडे पाव-पाव इंच एवढाच फरक, डोळ्यांना कळतही नाही. पण वजन ३३० ग्रॅमवर येते, म्हणजे २० टक्के मेण गेले. मेण १३० रुपये किलो धरले तर नगामागे ११ रुपये झाले. दोन बनवणाऱ्यांच्या भावात ८ रुपयांचा फरक दिसतो म्हणून आपण स्वस्तवाला निवडतो, आणि प्रत्यक्षात महाग मेण घेऊन येतो.

टीलाइटमध्ये, म्हणजे वाटीतल्या छोट्या मेणबत्तीत, हेच पैशांत घडते. अॅल्युमिनियमची वाटी तीच, आत मेण १२ ग्रॅम की ९ ग्रॅम हे वरून सांगता येत नाही. १०,००० नगांमागे ३० किलो मेण कमी पडते, वरच्याच दराने ३,९०० रुपये, म्हणजे नगाला ३९ पैसे. टीलाइट ताशी साधारण ३ ग्रॅम मेण जाळते असे धरले तर ४ तासांची मेणबत्ती ३ तासांत विझते. हॉटेलवाल्याला हा एक तास लगेच जाणवतो; त्याची रात्रीची जेवणे अर्धी झालेली असताना टेबलावर अंधार होतो.

काचेच्या ग्लासातल्या मेणबत्तीचा घोटाळा वेगळा आहे. ‘२०० चा जार’ म्हणजे २०० मिलिलिटर मावणारा ग्लास की २०० ग्रॅम मेण, हे कुणी विचारतच नाही. ग्लास काठोकाठ भरत नाहीत. ८० टक्के भरला तर १६० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १४५ ग्रॅम मेण. एकजण १४५ ग्रॅमचा भाव देतो, दुसरा २०० ग्रॅमचा, आणि आपण दोन्ही कागद शेजारी ठेवून घासाघीस करत बसतो.

म्हणून विचारणेत पहिला आकडा वजनाचा हवा, आणि तोही निव्वळ मेणाचा, ग्लास किंवा वाटी सोडून. किती फरक चालेल तेही तिथेच लिहावे. साच्यातल्या मालाला ३ टक्के वर-खाली ही वाजवी सूट आहे.

दुसरी गोष्ट मेणाच्या जातीची. ‘पॅराफिन’ एवढ्याने काही कळत नाही. पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात तेलाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असते, अर्धशुद्ध मेणात ते जास्त असते. तेल जास्त असलेले मेण मऊ पडते, हाताला चिकटते, उन्हाळ्यात पाझरते, जळताना धूर करते आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो. मेणबत्तीवाले ‘५८-६०’ म्हणतात तो वितळण्याच्या तापमानाचा पट्टा, अंश सेल्सियसमध्ये. उभ्या, सुट्या मेणबत्तीला हा पट्टा ठीक. सोया मेण मात्र ५० अंशांच्या आसपास किंवा त्याआधीच वितळते, म्हणून ते ग्लासातच शोभते. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-चंद्रपूरकडे जाणाऱ्या बंद ट्रकमध्ये सोयाचा माल पाठवायचा असेल तर भावाआधी वाहतुकीचे बोलावे. पिलरमध्ये स्टिअरिक ॲसिड घातले आहे का आणि किती, हेही विचारावे. त्याने मेणबत्ती कडक व शुभ्र होते आणि साच्यातून सुटी निघते. ‘शंभर टक्के सोया’ असा दावा असेल तर तो कोटेशनवर लेखी घ्यावा, कारण पॅराफिन मिसळलेला माल डोळ्यांना सारखाच दिसतो आणि त्याची पडतळ बरीच कमी असते.

वात सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. व्यासाच्या मानाने वात बारीक असेल तर मधोमध बीळ पडत जाते, कडेचे मेण तसेच राहते आणि शेवटी ज्योत स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडून विझते. जाड असेल तर ज्योत मोठी होते, काजळी धरते, टोकावर काळे बोंड येते आणि मेण कडेने ओघळते. सुगंध किंवा रंग बदलला की तीच वात चालेलच असे नाही. रंगासाठी मेणात विरघळणारा रंग न वापरता भुकटीचा रंग वापरला तर तिचे कण वातीत अडकतात आणि ज्योत हळूहळू मरते. तेव्हा लाल पिलरचा नमुना पसंत करून हिरव्या-निळ्याची ऑर्डर देऊ नये. प्रत्येक रंगाचा एक नग जाळून पाहावा. वातीत धातूची तार नको असेल तर तसे लिहावे. अमेरिकेत शिशाची तार असलेल्या वातींवर २००३ पासून बंदी आहे, आणि परदेशातल्या आपल्या माणसांना माल पाठवणाऱ्या लहान निर्यातदारांना हा प्रश्न हमखास विचारला जातो.

सुगंधाबाबत फक्त नाव लिहून भागत नाही. मोगरा म्हणजे किती टक्के मोगरा? १५० ग्रॅम मेणात ८ टक्के अत्तर-तेल म्हणजे १२ ग्रॅम. तेल १,२०० रुपये किलोचे असेल तर १४ रुपये ४० पैसे झाले. ४ टक्के घातले की ७ रुपये २० पैसे. डबा उघडल्यावर दोन्हींचा वास येतो. पेटवल्यावर खोलीत पसरतो तो बहुधा एकाचाच. व्हॅनिला असलेल्या सुगंधाने पांढरे मेण काही दिवसांत पिवळट-तपकिरी पडते. तो बनवणाऱ्याचा दोष नव्हे, व्हॅनिलिनचा गुण आहे. पांढराच रंग हवा असेल तर सुगंध बदलावा.

आता विचारणा कशी लिहावी, ते एका उदाहरणाने सांगतो. ‘पांढरा पिलर, व्यास ७५ मिलिमीटर, उंची १०० मिलिमीटर, मेणाचे वजन ३९५ ग्रॅम, फरक ३ टक्के. पूर्ण शुद्ध पॅराफिन, ५८-६०. विणलेली सुती वात, तार नको. सुगंध नाही. प्रत्येक नग फिल्ममध्ये, २४ नगांचा पाच पदरी खोका. संख्या २,४०० नग. ४,८०० घेतल्यास दर वेगळा सांगावा. माल पुण्यात गोदामपोच, दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी. दर कर सोडून लिहावा. भाडे, हमाली, लेबल वेगवेगळे दाखवावे. दर किती दिवस बांधलेला आहे ते लिहावे. चार नमुने कोटेशनसोबत पाठवावेत, त्यांचे पैसे देऊ.’ व्हॉट्सॲपच्या एका निरोपात हे मावते. वाचणाऱ्याला लगेच हिशेब करता येतो : साधारण ९५० किलो मेण, म्हणजे ५० किलोची १९ पोती, आणि १०० खोकी. त्याच्याकडे या मापाचे १०० साचे असतील आणि दिवसातून दोनदा ओतता येत असेल, तर बारा दिवस नुसत्या ओतकामाला लागणार. चार दिवसांत देतो म्हणणाऱ्याला साच्यांची संख्या जरूर विचारावी. एक तर तो दुसऱ्याकडून माल उचलून देणार असतो, नाहीतर गार पाण्यात घाईने थंड करतो आणि अंगावर बारीक तडे जातात. मेण थिजताना आक्रसते, वातीभोवती खळगा पडतो, तो दुसऱ्यांदा ओतून भरावा लागतो. घाईत हे दुसरे ओतणे वरवर होते, आत पोकळी राहते आणि ज्योत तिथवर पोचली की खाली बसते.

असे पत्र चार-पाच जणांनाच पाठवावे. तीस जणांना पाठवून सगळ्यांत कमी आकडा दुसऱ्याला दाखवत सुटणे आम्हाला गैर वाटते. नमुने करायला मेहनत आणि मेण दोन्ही लागते, आणि बचत गटासारख्या लहान घटकाला तो खर्च सोसत नाही.

भाव आल्यावर तो सोलून पाहावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मेणबत्तीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या कोटेशनची नक्कल करून पाठवणारे अजून भेटतात, तेव्हा कराचा आकडा तपासावा. पॅराफिनवर मात्र १८ टक्के कर आहे. समजा १०० रुपयांच्या मालात ६० रुपयांचे पॅराफिन आहे : त्यावर १० रुपये ८० पैसे कर भरला आणि विक्रीवर ५ रुपये वसूल झाले. वरचे ५ रुपये ८० पैसे बनवणाऱ्याच्या खात्यात अडकून पडतात. कायद्याने परतावा मागता येतो, पण तो मिळेपर्यंत भांडवल गुंततेच. म्हणून ‘कर सात टक्क्यांनी उतरला, मग तेवढाच भाव उतरवा’ हा आपला हट्ट दर वेळी बरोबर नसतो. बनवणारा जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) असेल तर तो बिलावर कर लावू शकत नाही आणि आपल्याला कराची वजावट मिळत नाही. त्याचा दर दिसायला कमी असला तरी आपली पडतळ वेगळी येते. शिवाय अशा व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. सिंधुदुर्गातून गोव्यात माल मागवणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावे.

भाड्याचेही तसेच. ‘कारखान्यातून उचल’ आणि ‘गोदामपोच’ या दोन भावांची तुलना होऊच शकत नाही. काचेचा माल असेल तर वाटेत फुटलेल्या नगांचा भार कुणी सोसायचा आणि किती टक्क्यांपर्यंत, हे लिहून घ्यावे. नवा साचा करायचा असेल तर त्याचे पैसे दरात न मिसळता वेगळे द्यावेत, आणि साचा नंतर कुणाच्या मालकीचा हेही ठरवावे. नाहीतर आपण घडवलेला गणपती किंवा कमळ पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात दिसते. स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्यांनी लेबलाचा मजकूर विचारणेसोबतच पाठवावा. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे किंवा वेष्टन करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ परिमाण, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापावे लागते. माल आल्यावर स्टिकर चिकटवत बसण्यात दोन दिवस आणि मजुरी जाते.

दराची मुदत हा आणखी एक दुखरा भाग. पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघते. दिग्बोई, नुमालीगड, चेन्नई इथे ते तयार होते आणि बरेचसे आयातही होते. तेल आणि डॉलर हलले की मेणाचा भाव हलतो. त्यामुळे तीन महिने दर बांधून मागणे म्हणजे बनवणाऱ्याला जुगार खेळायला लावणे. दर ७ ते १५ दिवसांसाठी बांधावा. पुढच्या हप्त्यांसाठी सूत्र ठरवावे : मेण किलोमागे १ रुपयाने हलले तर ३९५ ग्रॅमच्या नगाचा दर ४० पैशांनी हलेल. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. हे एकदा कागदावर आले की फोनवरची रोजची कटकट थांबते.

नमुना आला की तो जाळायचा. कपाटात ठेवायचा नमुना वेगळा. वारा नसलेल्या खोलीत, वात अर्धा सेंटिमीटर ठेवून, व्यासाच्या दर इंचाला एक तास या हिशेबाने पेटवावी. ३ इंची पिलर ३ तास. आधी आणि नंतर वजन करावे. ३ तासांत वितळलेले मेण जवळपास कडेपर्यंत पोचले पाहिजे, पण कड फुटता कामा नये. धूर, बोंड, ओघळ, कलणे, सगळे लिहून ठेवावे. असे तीन वेळा करावे, कारण पहिल्या तासात सगळ्याच मेणबत्त्या चांगल्या जळतात. पसंत नमुन्याचे दोन नग दोघांच्या सहीने बंद करून एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे राहावा. माल आल्यावर वेगवेगळ्या खोक्यांतून दहा-दहा नग काढून तोलावेत, एकेक नको. सरासरीत एकेका नगातला नैसर्गिक फरक बराचसा मिटतो आणि फसवणूक उघडी पडते.

पैशांबद्दल आमच्या बाजूने मोकळेपणाने बोलायला हवे. मेण रोखीने येते आणि आम्ही नव्वद दिवसांची उधारी मागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यातील दुरुस्तीनंतर मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. तेव्हा कोटेशनवर उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या नोंदणीचा, क्रमांक मागून घ्यावा आणि तीस टक्के आगाऊ, बाकी माल तपासल्यावर ठरावीक दिवसांत, असे काहीतरी सरळ ठरवावे. २००६ च्या त्याच कायद्यात खरेदीदाराच्या सोयीचीही एक गोष्ट आहे : माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती हरकत दूर झाल्यावर मुदत मोजली जाते. तोंडी तक्रारीला ही सोय नाही. वजन कमी भरले तर त्याच दिवशी लिहून पाठवावे.

बनवणाऱ्यांना एकच विनंती : वजन न लिहिता भाव देऊ नका, समोरच्याने विचारले नसले तरी. ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या मेणबत्ती वर्गांत ओतकामाइतकाच वेळ पडतळ काढायला आणि विचारणेला उत्तर लिहायला द्यावा. १०० ग्रॅम मेण, वात, रंग, इंधन, तूटफूट, मजुरी, खोका, नफा हा हिशेब ज्या बाईला पाठ आहे, तिला ‘लास्ट रेट’ विचारून कुणी घाबरवू शकत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. कोटेशनला आठवडा, नमुन्याला दहा दिवस, ओतकाम-बांधणीला तीन आठवडे, वाहतुकीला चार दिवस, आणि दुकानात माल दसऱ्याला मांडलेला हवा. उलटे मोजत गेले तर विचारणा श्रावणातच जायला हवी. वांद्र्याची मतमाऊलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात येते. तिथे हात, पाय, घर, बाळ अशा आकारांचे मेण लागते आणि ते साचे थोड्यांकडेच असतात, त्यांना जूनमध्येच गाठावे. जुन्या गोव्यातील ३ डिसेंबरचे फेस्त, ६ डिसेंबरची चैत्यभूमीवरची गर्दी आणि नाताळ यांसाठी लागणाऱ्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांची विचारणा दिवाळीच्या गडबडीत करू नये. तेव्हा साचे सुगंधी मालाला लागलेले असतात. ती एक तर गणपतीआधी करावी, नाहीतर भाऊबीज झाल्यावर लगेच, लहान संख्येने आणि तयार मापातच.

आपले,
मेणबत्तीचे काही घाऊक खरेदीदार, पुणे